पिशवी काढायची तारीख ठरलीय, आता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ४३, दोन मुलं, दीड वर्षापासून पाळीत खूप अंगावरून जातंय. गोळ्या घेतल्या की तेवढ्यापुरतं थांबतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सोनोग्राफीत साडेचार सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ आणि ‘पिशवीला सूज’. हिमोग्लोबिन ८.६. डॉक्टरांनी सांगितलं की गर्भपिशवी काढू, आणि ऑपरेशन करतोच आहोत तर दोन्ही अंडाशयंही काढून टाकू, म्हणजे पुढे कॅन्सरची भीती नको. तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. तुम्ही विचारलंय, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलं तर पहिल्यांना राग येईल का, आणि त्या धावपळीत आजार वाढेल का.

रागाचं आधी सांगते. सव्वीस वर्षं मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि पिशवीची ऑपरेशनं हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. पेशंटने ‘मॅडम, अजून एकांना दाखवून येऊ का?’ असं विचारलं की मी तिला फाइलची प्रत काढून देते. दुसरीकडे दाखवून, समजून-उमजून परत आलेली बाई ऑपरेशनला निर्धास्त येते, आणि पुढे काही कमीजास्त झालं तरी आमच्यातला विश्वास टिकतो. बहुतेक जाणते डॉक्टर असाच विचार करतात. एखाद्याला राग आलाच तर तो त्यांनी सांभाळावा, तुम्ही तुमच्या शरीराचं बघा.

आजार वाढण्याचं म्हणाल, तर तुम्ही लिहिलंय त्यात तीन आठवड्यांत हाताबाहेर जाईल असं मला काही दिसत नाही. फक्त रक्तस्राव आटोक्यात असायला हवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, असं सलग दोन-तीन तास चाललंय, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चार पावलं चालून धाप लागतेय, यातलं काहीही झालं तर थेट जवळचं रुग्णालय गाठायचं, मतबित नंतर. तसंच अंडाशयाला पीळ पडून अचानक असह्य दुखणं, नळीत राहिलेला गर्भ फुटणं, बाळंतपणानंतरचा न थांबणारा रक्तस्राव या प्रसंगांत दुसरं मत घेत बसायचं नसतं. तिथे समोर जे डॉक्टर आहेत त्यांच्यावर विश्वास टाकून सही करायची. बाकी पिशवीची जवळजवळ सगळी ऑपरेशनं ठरवून केलेली असतात, आणि जे ठरवून करायचंय त्याला विचार करण्यापुरता वेळ असतोच.

पण तुमचा खरा प्रश्न राग आणि वेळ यांच्याही पलीकडचा आहे असं मला वाटतं. काय काढणार आणि कधी काढणार, हे तुम्ही नीट लिहिलंय. रक्त नेमकं कशामुळे जातंय, हे मात्र कुठेच नाही. ते तुम्हाला सांगितलं गेलं नसेल किंवा सांगूनही त्या घाईत कानात शिरलं नसेल. दोन्ही शक्य आहे, मी समोर नव्हते. पण दुसरं मत घ्यायचं ते यासाठी. ‘ऑपरेशन करू की नको’ एवढंच विचारायला गेलात तर एक हो म्हणेल, दुसरा नाही म्हणेल, आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. ‘मला नेमकं झालंय काय, आणि ते कशावरून म्हणता’ हे विचारायला जा.

खूप अंगावरून जाण्याची कारणं फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ साली नऊ गटांत मांडली. पहिले चार गट सोनोग्राफीत किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात असे आहेत: पॉलिप म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराचा कोंब, अ‍ॅडिनोमायोसिस म्हणजे अस्तर पिशवीच्या भिंतीत घुसणं, फायब्रॉइड, आणि कॅन्सर किंवा त्याच्या आधीची स्थिती. पुढचे चार फोटोत दिसत नाहीत: रक्त गोठण्यातला दोष, बीज वेळेवर न सुटणं (थायरॉइड बिघडलं तरी असं होतं), अस्तराचाच बिघाड, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसारख्या औषधांचा किंवा तांबीसारख्या साधनांचा परिणाम. कशातच न बसणाऱ्यांसाठी नववा गट. एकाच बाईत दोन-तीन कारणं एकत्रही असतात. त्यामुळे सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून रक्त त्या गाठीमुळेच जातंय असं होत नाही. चाळिशीतल्या कितीतरी बायकांच्या पिशवीत गाठी असतात आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो.

गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे याला जास्त महत्त्व असतं. पिशवी म्हणजे जाड भिंतींची खोली समजा. गाठ भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लटकत असेल तर ती सहा सेंटिमीटरची असली तरी पाळीत सहसा फरक पडत नाही. फार झालं तर लघवीला सारखं जावं लागतं. तीच गाठ खोलीच्या आत डोकावत असेल तर दीड सेंटिमीटरचीही पुरे, रक्त थांबता थांबत नाही. आणि आत डोकावणारी छोटी गाठ बऱ्याचदा योनिमार्गातून दुर्बीण घालून काढता येते. पोटावर टाका नाही, पिशवी शाबूत, आणि बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. भिंतीतल्या गाठीचा निर्णय खरा अवघड, कारण ती आतल्या पोकळीला किती रेटतेय यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या रिपोर्टात गाठीची जागा लिहिली आहे का ते बघा. फिगोने गाठींना जागेप्रमाणे ० ते ८ असे क्रमांक दिलेत. तो क्रमांक किंवा निदान ‘आतल्या बाजूला, भिंतीत, बाहेरच्या बाजूला’ एवढं तरी रिपोर्टात हवं. नसेल तर योनिमार्गातून केलेली नीट सोनोग्राफी पुन्हा करावी लागेल.

दुसरं मत घ्यायला आलेल्या बाईची फाइल मी आधी उघडत नाही. टेबलावर पालथी ठेवते आणि तिला बोलू देते. दिवसाला किती पॅड लागतात, रक्ताच्या गाठी पडतात का आणि केवढ्या, रात्री उठून बदलावं लागतं का, कपडे खराब होतील म्हणून बाहेर जाणं टाळता का, पाळी वेळेवर येऊन जास्त जाते की मधेच कधीही सुरू होते, संबंधानंतर डाग दिसतो का. एका वाक्यात निकाल लिहिलेला कागद आधी वाचला की माझंही डोकं त्याच वाटेने चालू लागतं, म्हणून ही सवय. एकदा चार दिवसांवर ऑपरेशन आलेल्या एक बाई आल्या होत्या. रिपोर्टात पाच सेंटिमीटरची गाठ. पण त्या सांगत होत्या की पाळी वेळेवर येते, फारशी जातही नाही, पण संपल्यावर आठ-दहा दिवस थेंब थेंब लागत राहतं. हे त्या गाठीशी जुळेना. फाइल सुलटी करून फोटो पाहिले तर गाठ पिशवीच्या पाठीवर, पूर्ण बाहेरच्या अंगाला. मग पिशवीत थोडं सलाइन सोडून सोनोग्राफी केली आणि आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान पॉलिप तरंगताना दिसला. तो दुर्बिणीने काढला, तपासायला पाठवला, साधा निघाला. पाठीवरची गाठ आहे तिथेच आहे आणि त्यांना तिचा काही त्रास नाही.

हे वाचून तुमचंही असंच निघेल अशी आशा धरू नका. असं निघतंही, नाहीही. सांगायचा मुद्दा एवढाच की रिपोर्ट आणि तुमचं दुखणं एकमेकांशी जुळतंय का, हे कुणीतरी निवांत बसून पाहायला हवं.

‘पिशवीला सूज’ हे निदान नव्हे. रिपोर्टात पिशवी नेहमीपेक्षा मोठी दिसते एवढंच लिहिलेलं असतं आणि बोलताना त्याची ‘सूज’ होते. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणं स्वाभाविकच आहे. त्यामागे अ‍ॅडिनोमायोसिस असेल तर तसं स्पष्ट विचारा, कारण त्यात पाळी खूप जाण्याबरोबर खूप दुखतंही आणि उपचारांचा क्रम बदलतो. असाच दुसरा शब्द म्हणजे ‘पिशवीच्या तोंडाला जखम’. बहुतेक वेळा ती जखम नसतेच. आतलं नाजूक लालसर अस्तर तोंडाशी बाहेर आलेलं असतं, आणि पाळी चालू असलेल्या वयात हे अगदी नेहमीचं आहे. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी करतात ती पॅप तपासणी किंवा एचपीव्ही चाचणी व्यवस्थित असेल तर त्या ‘जखमेसाठी’ पिशवी काढायचं काही कारण नाही. चाचणीत कॅन्सरपूर्व बदल आले तरी सहसा आधी तोंडाचा तेवढाच भाग काढून उपचार होतो. या दोन शब्दांवर विसंबून सह्या केलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि प्रत्येक वेळी मला मनापासून वाईट वाटलंय.

आता बायॉप्सी. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं हे पहिलं पाऊल. त्याआधीच्या वयातही गोळ्यांनी भागत नसेल, वजन जास्त असेल, पाळी वर्षानुवर्षं अनियमित असेल, तर तपासायलाच हवा. तुम्ही ४३ च्या आहात आणि दीड वर्ष गोळ्यांनी भागलेलं नाही, म्हणजे तुमच्याबाबतीत तो व्हायला हवा. झाला असेल तर रिपोर्ट मिळवा. झाला नसेल तर ऑपरेशनच्या आधी करून घ्या, मग मत कुणाचंही घ्या. याचं कारण माझ्या स्वतःच्या अनुभवात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका बाईंना पिशवी काढायचा सल्ला दिला होता. त्या दुसरीकडे दाखवून आल्या तेव्हा त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, अस्तराची बायॉप्सी केली आहे का? मी केली नव्हती. गाठ इतकी ठळक दिसत होती की मला गरजच वाटली नाही. करून पाहिली तर पेशींत कॅन्सरपूर्व बदल निघाले. ऑपरेशन मग झालंच, पण वेगळ्या तयारीने: पिशवी अखंड काढायची, तुकडे करायचे नाहीत, आणि गरज पडली तर कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतले तज्ज्ञ हजर हवेत. माझा सल्ला ‘काढा’ असा होता आणि शेवटी पिशवी काढलीच, तरीही मी चुकले होते. त्या एका ओळीसाठी त्या डॉक्टरांची मी आजही ऋणी आहे. तेव्हापासून बायॉप्सीचा कागद फाइलमध्ये लागल्याशिवाय अशा ऑपरेशनची तारीख मी देत नाही.

बायॉप्सीचा निकालही नीट समजून घ्या. ‘हायपरप्लेसिया’ म्हणजे अस्तर जाड झालंय हे वाचून माणसं घाबरतात. पेशींत विकृती नसेल तर २० वर्षांत त्याचा कॅन्सर होण्याचा धोका पाच टक्क्यांहून कमी असतो, आणि प्रोजेस्टेरॉनच्या उपचारांनी बहुतेकींचं अस्तर पूर्ववत होतं. पेशींत विकृती, म्हणजे ‘अटिपिया’, असेल आणि मूल हवं असण्याचा प्रश्न नसेल, तर पिशवी काढणंच योग्य, तिथे रेंगाळू नये. त्या एका शब्दाने उपचाराची दिशा बदलते. म्हणून त्यावर शंका असेल तर दुसरं मत डॉक्टरांचं घेण्याऐवजी पॅथॉलॉजिस्टचं घ्या. तुमच्या तपासणीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात. ते मागून दुसऱ्या तज्ज्ञांकडून पुन्हा वाचून घेता येतात. हे सहसा कुणाला माहीत नसतं.

आता अंडाशयं. तुमच्या प्रश्नात याच गोष्टीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. गाठ पिशवीत, रक्त पिशवीतून, आणि अंडाशयं, तुमच्या लिहिण्यावरून, निरोगी. ती ‘जाता जाता’ काढायची गोष्ट नव्हे. पाळी नैसर्गिकपणे थांबते ती पन्नाशीच्या आसपास, आणि तीही हळूहळू. ४३ व्या वर्षी दोन्ही अंडाशयं काढली की ती एका दिवसात थांबते. अंगातून वाफा, झोप उडणं, योनीचा कोरडेपणा हे तर होतंच, पण हाडं लवकर ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा वाढता धोका हे जास्त गंभीर, कारण ते वर्षानुवर्षं दिसत नाहीत. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून २००९ साली एक विश्लेषण आलं. पिशवी काढलेल्या २९,३८० स्त्रियांचा २४ वर्षं मागोवा घेतला होता. अंडाशयंही काढलेल्यांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी झाला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू मात्र जास्त दिसले. सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता एक-दीड टक्क्याच्या आसपास असते. तेवढ्यासाठी चाळिशीतली निरोगी अंडाशयं काढणं मला पटत नाही.

यालाही ‘पण’ आहे. तुमची आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यात कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर हिशेब पूर्ण उलटतो. अशा घरात ब्राका जनुकांची तपासणी आधी करावी. त्यात दोष निघाला तर चाळिशीच्या आसपास अंडाशयं काढणं जीव वाचवणारं ठरतं. हा इतिहास तुम्ही लिहिलेला नाही. पहिल्या डॉक्टरांनी कदाचित त्यावरूनच हा सल्ला दिला असेल, म्हणून त्यांना सरळ विचारा, ‘माझ्या अंडाशयांत काही दोष आहे का? ती काढण्याचं माझ्या बाबतीतलं कारण काय?’ तीव्र एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) असला तरी चित्र बदलतं. आणि नळ्या, म्हणजे अंडाशयाकडून पिशवीकडे येणाऱ्या गर्भनलिका, काढायचं म्हणाले तर घाबरू नका. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सगळ्यात घातक प्रकारचा कॅन्सर बऱ्याचदा नळीच्या टोकाशी सुरू होतो असं आता लक्षात आलंय. म्हणून अंडाशयं ठेवून फक्त नळ्या काढणं हा चांगला मधला मार्ग आहे, आणि त्याने पाळी जाण्याची लक्षणं सुरू होत नाहीत. काही कारणाने अंडाशयं काढावीच लागली, तर हार्मोनचे उपचार पन्नाशीपर्यंत घ्यायचे का, हे ऑपरेशनच्या आधी बोलून ठेवा. नंतर त्या वाफांनी हैराण झालेली बाई तीन-तीन वर्षं कुणालाच काही सांगत नाही.

पिशवी ठेवून काय काय करता येतं, तेही विचारा. ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी पाळीतलं रक्त साधारण निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतं, पण ज्यांना पूर्वी रक्ताच्या गुठळीचा आजार झालाय त्यांना त्या चालत नाहीत. लिव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोन सोडणारं ५२ मिलिग्रॅमचं साधन पिशवीत बसवलं तर बऱ्याच जणींचं रक्त इतकं कमी होतं की ऑपरेशनचा विषयच मागे पडतो. गाठीने पोकळी वेडीवाकडी केली असेल तर मात्र ते निसटू शकतं किंवा तितकं उपयोगी पडत नाही. ते बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने डाग लागत राहतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई महिनाभरात ते काढून घेते आणि ‘माझ्यावर काही चाललंच नाही’ असं म्हणते. तुमच्याबाबतीत ‘गोळ्या चालल्या नाहीत’ म्हणजे कोणत्या गोळ्या, किती दिवस, रोज की आठवेल तेव्हा, हे दुसऱ्या डॉक्टरांना खरं खरं सांगा. नुसती गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, अस्तर जाळणं हेही मार्ग आहेत. त्यातला कोणता तुम्हाला लागू पडेल ते गाठीच्या जागेवर ठरेल. पाळी जाते तेव्हा गाठी आक्रसतात हे खरं. पण तुम्हाला त्यासाठी सात-आठ वर्षं थांबायचंय, आणि हिमोग्लोबिन ८.६ असताना नुसतं ‘वाट बघा’ हा सल्ला नव्हे. हे सगळं समजून घेऊन ‘मला यातून एकदाचं मोकळं व्हायचंय, काढून टाका’ असं तुम्ही म्हणालात तर तोही शहाण्या बाईचा निर्णय आहे. पिशवी काढून सुखी झालेल्या बायका माझ्याकडे पुष्कळ येतात.

ऑपरेशन ठरलंच तर कोणत्या मार्गाने, हेही मताचाच भाग. शक्य असेल तेव्हा योनिमार्गातून केलेलं ऑपरेशन सगळ्यात सोयीचं, नंतर दुर्बिणीतून, आणि पोट उघडणं अगदी गरज असेल तेव्हा. अर्थात सर्जनचा हात ज्यात बसलाय त्याचंही वजन असतं. दुर्बिणीतून करणार असतील तर गाठ बाहेर कशी काढणार ते विचारा. पोटाच्या आत यंत्राने गाठीचे तुकडे करण्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली इशारा दिला. साधी गाठ समजून ऑपरेशन झालेल्या साधारण ३५० स्त्रियांत एकीला न ओळखलेला सार्कोमा कॅन्सर असू शकतो, आणि तुकड्यांबरोबर तो पोटात पसरतो, असं त्यांनी म्हटलं. नंतरच्या काही विश्लेषणांत हे प्रमाण याहून बरंच कमी आलं, पण गाठ प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून मगच तुकडे करण्याची काळजी आता घेतली जाते. तुमच्याही वेळी ती घेतली जाईल का, एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

दुसरे डॉक्टर कोण असावेत? पहिल्यांच्या रुग्णालयातले किंवा त्यांनीच सुचवलेले शक्यतो नकोत. नात्यातल्या डॉक्टरला मोबाइलवर रिपोर्टचा फोटो पाठवणं म्हणजे दुसरं मत घेणं नव्हे. पोट आणि आतून हाताने तपासल्याशिवाय पिशवी किती हलती आहे, कुठे चिकटली आहे, हे कळत नाही. गाठी दुर्बिणीने काढणारे, पिशवी वाचवणाऱ्या शस्त्रक्रिया नेहमी करणारे कुणी मिळाले तर उत्तम, कारण ज्याला एकच ऑपरेशन येतं त्याला बहुतेक वेळा तेच सुचतं. माझ्याकडे कुणी मत घ्यायला आलं तर मी सुरुवातीलाच सांगून टाकते की ऑपरेशन लागलं तरी ते मी करणार नाही, तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडेच जा. एवढं म्हटलं की आम्ही दोघी मोकळेपणाने बोलू शकतो.

कागद म्हणाल तर सोनोग्राफीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, फोटोही हवेत. जुन्या सोनोग्राफीही घ्या, कारण गाठ दोन वर्षांत दोन सेंटिमीटरने वाढली की आहे तेवढीच आहे, हे त्यावरून कळतं. रक्ताचे रिपोर्ट, थायरॉइड, बायॉप्सी, पॅप, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. वयात आल्यापासूनच पाळी खूप जात असेल, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात जास्त रक्त गेलं असेल तर ते आवर्जून सांगा. रक्त गोठण्यातला जन्मजात दोष चाळिशीपर्यंत न कळलेल्या बायका असतात. घरचं कुणीतरी बरोबर न्या. दोघांनी ऐकलेलं नंतर जुळवून बघता येतं.

दोन डॉक्टरांची मतं वेगळी आली तर लगेच तिसऱ्याकडे धावू नका. आधी मतभेद कुठे आहे ते शोधा. निदानाबद्दल असेल, म्हणजे एक म्हणतो रक्त गाठीमुळे आणि दुसरा म्हणतो अस्तरामुळे, तर एखादी नेमकी तपासणी तो मिटवू शकते: सलाइन घालून सोनोग्राफी, आतून दुर्बिणीने पाहणं, कधी एमआरआय. निदान एकच असून उपचाराबद्दल मतभेद असेल तर दोघंही बरोबर असू शकतात, आणि मग पारडं तुमच्या बाजूला झुकतं. सुट्टी किती मिळेल, पुन्हा त्रास होण्याची शक्यता तुम्हाला चालेल का, पिशवी राहावी असं वाटतंय का, हे तुमच्याशिवाय कुणाला ठरवता येणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे परत जा आणि सांगा, ‘ते असं म्हणाले, तुम्हाला काय वाटतं?’ त्यांच्या उत्तरावरून बरंच कळतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला कॅन्सरचा संशय सांगितला असेल तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एकदाच दिसलं तरी, तपासणी टाळू नका. अंडाशयाची गाठ आणि रक्तातलं सीए १२५ (अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय आला की तपासतात तो घटक) वाढलेलं असेल तर लगेच हाय खाऊ नका, पाळी चालू असताना एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, क्षय, अगदी पाळीच्या दिवसांतही तो आकडा ३५ च्या वर जातो. पण संशय खरा असेल तर मत स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांचंच घ्या, आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांत घ्या. पहिलं ऑपरेशन नीट होणं तिथे फार महत्त्वाचं असतं. मार्गसुद्धा. पिशवीच्या तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीतून केलेल्या मोठ्या ऑपरेशनपेक्षा पोट उघडून केलेल्यात आजार परत येण्याचं प्रमाण कमी होतं, हे २०१८ च्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं. लहान टाके नेहमीच चांगले असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

आता तुमचे तीन आठवडे. उद्याच हिमोग्लोबिनच्या मागे लागा. ऑपरेशन करा किंवा करू नका, ८.६ वर राहणं बरं नाही. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. त्याने दोन-तीन आठवड्यांत चांगला फरक पडतो आणि रक्त चढवायची वेळ बऱ्याचदा टळते. पाळी सुरू झाली तर थांबवायचं औषध काय घ्यायचं, हे आताच लिहून घ्या. या आठवड्यात फाइल आणि सोनोग्राफीचे फोटो मागून घ्या, बायॉप्सी झाली नसेल तर करून घ्या, आणि तिचा रिपोर्ट हातात आला की दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या. तारीख तोपर्यंत रद्द करू नका, राहू द्या. पहिल्या डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा, ‘मी बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन अजून एकांना दाखवते आणि तारखेच्या चार दिवस आधी तुम्हाला कळवते.’ रिपोर्टात ‘अटिपिया’ हा शब्द निघाला तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि ऑपरेशनची तयारी करा. फक्त पिशवी अखंड काढतील ना आणि कॅन्सरच्या तज्ज्ञांचा सल्ला आधी घेतील ना, हे विचारून मगच सही करा.